झीग ऐकायची, तर आधी पायांनी

पाखेलबेल या जर्मन संगीतकाराचा 'कॅनन' तुम्ही ऐकलेला आहे. नाव माहीत नसेल, पण लग्नाच्या व्हिडिओत, हॉटेलच्या लॉबीत किंवा फोन होल्डवर ठेवल्यावर तो तुमच्या कानावरून गेलेला असणार. तीन व्हायोलिनं एकामागून एक तीच चाल धरतात आणि खाली आठ सुरांची एकच ओळ अठ्ठावीस वेळा फिरते. या रचनेचं पुरतं नाव मात्र 'कॅनन आणि झीग' असं आहे. कॅनन संपला की लगेच झीग यायला हवी, पण ती बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही, कारण तोवर नवरा-नवरी स्टेजवर पोचलेली असतात. जोडीतली ही मागे राहिलेली धाकटी छोटी आहे, खट्याळ आहे, आणि बरोक काळातल्या, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधल्या, नाचांपैकी सगळ्यात जास्त जीव तिच्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

पाश्चात्त्य संगीताशी ओळख नसलेल्या माणसाने झीग ओळखावी कशी, ऐकावी कशी आणि जमलं तर घरात दोन पावलं टाकावीत कशी, एवढंच इथे सांगायचं आहे. स्टाफ नोटेशन वाचता यायची गरज नाही. दादरा माहीत असेल तर अर्धं काम झालंय.

नाव आणि शोध

फ्रेंच उच्चार आपल्या लिपीत नीट बसत नाही. त्यातल्या त्यात जवळचा 'झीग'. झिंग नव्हे, जरी चांगल्या वादकाच्या हातून ऐकली तर फार फरक उरत नाही. इंग्रजीत 'जिग', इटालियनमध्ये 'जिगा'. इंटरनेटवर शोधताना रोमन लिपीत जी-आय-जी-यू-ई असं टाका. नुसतं 'जिग' टाकलंत तर आयरिश पबमधलं संगीत समोर येईल. तेही सुंदर असतं आणि नात्यातलंच आहे, पण आज आपल्याला ते नकोय. 'जिगा' टाकलंत तर मोबाइल डेटाच्या जाहिराती येतील.

सहा मोजू नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

मी व्हायोलिन शिकायला घेतलं ते चाळिशी उलटल्यावर. लहानपणी तबल्याच्या चार परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे तालाच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवायचं नाही असा एक माज होता. पहिली झीग पुढ्यात आली तेव्हा कागदावर सहा-आठ असं लिहिलेलं होतं, म्हणजे एका बारमध्ये, आपल्या भाषेत एका आवर्तनात, सहा मात्रा. मी मनात एक-दोन-तीन-चार-पाच-सहा मोजत अगदी काटेकोर वाजवून दाखवलं. सर गोव्याचे, अतिशय सौम्य माणूस. ते म्हणाले, "सगळं बरोबर आहे हो. पण तुम्ही हिशेब वाजवताय. व्हायोलिन ठेवा आणि पॅसेजमध्ये चालून या."

चालताना पाय दोनच असतात, आणि झीगचं गुपितही तेच आहे. सहा मात्रा असतात खऱ्या, पण अंगाला जाणवतात त्या दोन. पहिली आणि चौथी. तबला शिकलेल्यांना हे सांगायलाही नको: 'धा धी ना, धा ती ना'. दादऱ्यात टाळी पहिल्या मात्रेवर आणि खाली चौथीवर, तशीच ही दोन पावलं. फरक लयीचा. ठुमरीनंतर येणारा दादरा झुलत येतो, झीग उडत येते. तेव्हा लय दुपटीहून पुढे न्या आणि मधल्या मात्रा मोजायच्या सोडून द्या. त्या आपोआप येतात.

करून बघा. घरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेहमीच्या चालीने चाला आणि प्रत्येक पावलावर तोंडाने 'तकिट' म्हणा. तकिट, तकिट. दोन पावलांचा झाला एक बार. कागदावर बारा-आठ लिहिलेलं असेल तर एका बारमध्ये चार पावलं. तीन-आठ असेल तर एकच. आकडे काहीही असोत, प्रत्येक पावलाच्या पोटात तीन असतात, आणि झीगला मुख्यतः एवढंच लागतं.

लय किती जलद? क्वांट्स नावाचा बासरीवादक, प्रशियाच्या राजाचा गुरू. त्याने १७५२ साली बासरीवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि नाचांच्या लयी चक्क नाडीच्या ठोक्यावर बांधून दिल्या. सहा-आठच्या झीगला तो नाडीच्या एका ठोक्याला एक अख्खा बार देतो. नाडी मिनिटाला ऐंशी धरली तर तितके बार, म्हणजे एकशेसाठ पावलं! चालून जमणार नाही, धावावं लागेल. आजचे बरेच वादक इतकं पळवत नाहीत, आणि नवशिक्याने तर मुळीच पळवू नये.

आणखी एक सवय मोडावी लागते. झीग बहुधा समेवर सुरू होत नाही. आधी एक इवलीशी मात्रा येते आणि मग सम. एका मात्रेचा मुखडा म्हणा ना. पहिला सूर ऐकून लगेच पाय टाकलात तर अख्खी झीग तुमच्या पायाखालून निसटेल. पहिला सूर सोडा, दुसऱ्यावर पाय टाका.

ही आली कुठून

इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड या बेटांवरून. तिथे सोळाव्या शतकात 'जिग' हा लोकांचा नाच होता आणि त्याची कीर्ती फारशी सोज्ज्वळ नव्हती. १६०० साली छापलेल्या शेक्सपिअरच्या एका नाटकात नायिकेची बहीण प्रेमाराधनेला स्कॉटिश जिगची उपमा देते: तापट आणि घाईची. तापट आणि घाई, हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

लंडनच्या नाट्यगृहांत नाटक संपलं की एक जिग व्हायची. म्हणजे गाणी, नाच आणि चावट विनोद असलेला छोटा फार्स. तमाशा पाहिलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. विल केम्प हा त्यातला गाजलेला विनोदी नट. याच माणसाने १६०० साली लंडनपासून नॉरिचपर्यंत रस्त्याने नाचत जाण्याचा विक्रम केला. तो नाच 'मॉरिस' जातीचा होता, जिग नव्हे, पण माणसाच्या पायांची कल्पना यावी. या जिगा बघायला इतकी गर्दी लोटायची आणि गर्दीत इतके खिसेकापू शिरायचे, की १६१२ साली लंडनलगतच्या मिडलसेक्सच्या न्यायाधीशांनी नाटकाअंती होणाऱ्या जिगांवर बंदीचा हुकूम काढला.

तेव्हाच कीबोर्डसाठी लिहिणाऱ्या इंग्रज संगीतकारांनी जिग उचलली होती. विल्यम बर्डची आहे, जॉन बुलची आहे. रिचर्ड फार्नबीची एक आहे, तिचं नाव 'कुणाचीच नसलेली जिग'. मला हे नाव फार आवडतं.

खाडीपलीकडे

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाक गोतिए हा फ्रेंच ल्यूटवादक इंग्लंडच्या दरबारात होता. त्याच्या आणि त्याच्या बरोबरीच्या वादकांच्या हातून जिग फ्रान्सला पोचली असं मानतात. ल्यूट हे नाजूक, बोटांनी छेडायचं वाद्य, आवाज शेजारच्या खोलीतही जेमतेम जाईल असा. रस्त्यावरची धांगडधिंगा करणारी पोर अशा वाद्यावर गेली की तिचं वळण बदलणारच. ती शहाणी झाली, सूर एकमेकांत गुंतवू लागली, आणि जिगची झीग झाली.

आता 'स्वीट' हा शब्द. गोडाशी संबंध नाही. एकाच स्वरपट्टीतल्या नाचांची माळ म्हणजे स्वीट. अठराव्या शतकात तिचा ठरलेला क्रम होता: आलमांद, कुरांत, साराबांद आणि शेवटी झीग. पण सुरुवातीला झीग शेवटी नव्हती. व्हिएन्नाच्या सम्राटाकडे चाकरीला असलेल्या फ्रोबर्गर या संगीतकाराने १६५६ साली स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वहीत झीग दुसऱ्या जागी आहे आणि शेवट संथ साराबांदने होतो. तो वारल्यावर सुमारे तीस वर्षांनी ॲम्स्टरडॅमला त्याच्या स्वीट छापल्या गेल्या, त्यावर प्रकाशकाने 'अधिक चांगल्या क्रमाने लावलेल्या' असं छापलं आणि झीग उचलून शेवटी नेली. फ्रोबर्गरला विचारायची सोय नव्हती. मला स्वतःला त्याचाच क्रम आवडतो, कारण साराबांदनंतरची शांतता तशीच राहू द्यावीशी वाटते. पण मैफल उठताना लोकांना पाय हलवत जायचं असतं, हेही खरं.

गोव्यात मांडो ऐकलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मांडो संथ, डोळे ओले करणारा, आणि त्याला जोडून येतो दुलपद, सहा-आठच्या उडत्या चालीचा. दुलपद झीगेतून आलं असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. पण संथामागून सहा-आठ येऊन सगळ्यांना उभं करतं, ही गंमत तिथेही आहे आणि इथेही. माझ्या सरांनी मला झीगची उडी अखेर दुलपद गाऊनच समजावली होती.

दोन चाली कानाने वेगळ्या करा

झीगचे मुख्य दोन स्वभाव आहेत, फ्रेंच आणि इटालियन. हा फरक कानाला एकदा कळला की पुढचं सगळं सोपं.

फ्रेंच झीग लंगडीसारखी उडते. तीन मात्रा समान नसतात. पहिली लांबते, दुसरी चिमटीत येते, तिसरी सावरते: 'धाऽऽ ग ना, धाऽऽ ग ना'. एक आवाज चाल सुरू करतो, दुसरा थोड्या वेळाने तीच चाल घेऊन मागून येतो. वाक्यं लहानमोठी असतात, त्यामुळे पुढचं वळण कुठे येईल याचा अंदाज लागत नाही.

इटालियन जिगा वाहते. 'तकिट तकिट तकिट तकिट', सगळ्या मात्रा समान, व्हायोलिनचा गज थांबत नाही, खाली बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, साधा चालत राहतो. वाक्यं चार-चार बारची, सरळ. कोरेल्ली या इटालियन संगीतकाराच्या पाचव्या संग्रहात, म्हणजे रोमला १७०० साली छापलेल्या बारा सोनाटांमध्ये (व्हायोलिनच्या अनेक भागांच्या रचना), अशा जिगा आहेत. नवव्या सोनाटातली ऐका.

सरावासाठी बाख या जर्मन संगीतकाराच्या चेलो स्वीटसारखी दुसरी जागा नाही. सहा स्वीट, सगळ्यांचा शेवट झीगेने. त्यातली चौथीची झीग आणि पाचवीची झीग लागोपाठ लावा. चौथी बारा-आठमध्ये, अखंड तकिट. पाचवी तीन-आठमध्ये, लांबट-आखूड, तोऱ्यात उडणारी, पक्की फ्रेंच. संगीतकार तोच, वाद्य तेच, त्यामुळे फरक फक्त चालीचा उरतो. मी दोन्ही भाजी चिरताना ऐकते. चौथीला कांदा भराभर चिरला जातो, पाचवीला सुरी मध्येच हवेत थांबते.

हँबुर्गच्या माथेसन या संगीतलेखकाने १७३९ साली या स्वभावांची नावानिशी यादीच केली आहे. इंग्लिश झीगेत त्याला गरम, घाईचा आवेश दिसतो, पटकन विझणारा राग. इटालियन जिगेत त्याला ओढ्याच्या पाण्यासारखी सरळ सुटलेली धाव दिसते. नाटकातल्या त्या बाईच्या बोलण्याला शंभराहून अधिक वर्षं लोटली होती, देश बदलला होता, पण तापट आणि घाई हे दोन शब्द झीगला चिकटून राहिले. तिचे नातलगही तो सांगतो: संथ, रुबाबदार 'लूर' आणि फ्रेंच झीगेहूनही टोकदार 'कनारी'. ही मंडळी नंतर भेटतील.

दोन पावलं टाकून पाहा

फ्रान्सच्या दरबारात नाच हा गंभीर मामला होता. चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची राजअकादमी काढली. १७०० साली, म्हणजे कोरेल्लीच्या संग्रहाच्याच वर्षी, पॅरिसमध्ये फयॅ नावाच्या नृत्यगुरूने पावलं कागदावर लिहायची पद्धत छापली. पानावर एक वळणदार रेघ असते, ती नाचणाऱ्याची वाट. तिच्यावर छोट्या खुणा असतात, त्या सांगतात कुठे वाकायचं, कुठे उठायचं, कुठे उडी घ्यायची. बरोक नाच आज पुन्हा उभा राहिला तो बराचसा या पानांच्या जोरावर.

खरी नृत्यरचना इथे शिकवता येणार नाही. पण एक सोपा केलेला सराव सांगते.

उजव्या पायाचा भार काढून घ्या, डाव्यावर उभे राहा. समेच्या आधी, त्या इवल्या मुखड्याच्या मात्रेवर, डावा गुडघा किंचित वाकवा. समेवर त्याच पायावर छोटी उडी घ्या, वीतभर नव्हे, बोटभर. मग 'ना'वर उजवं पाऊल पुढे. आता भार उजव्यावर आला, तेव्हा गुडघा वाकवून पुढच्या 'धा'ला उजव्यावर उडी आणि 'ना'वर डावं पाऊल. उडी-पाऊल, उडी-पाऊल.

इथे आपल्या अंगाला एक अडचण येते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे सम म्हणजे पाय जमिनीवर आपटायची जागा. लावणीत असो, लेझमीत असो, समेवर वजन खाली जातं. फ्रेंच दरबारी नाचात सम ही वर उठायची जागा. वाकायचं समेच्या आधी, आणि समेवर अंग हलकं करायचं. मी पहिले आठ दिवस प्रत्येक समेवर धप्पकन उतरत होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "काय गं, घरी लहान मुलं आलीयत का कुणाची?" मग मी चटई अंथरली. पण खरा इलाज चटई नव्हता. समेवर आपटायचं नाही, सुटायचं, हे अंगाला कळलं त्या दिवशी आवाज आपोआप बंद झाला. आणि दुसऱ्या दिवशी व्हायोलिनवर गजही वेगळा पडला. समेचा सूर दाबला जाईना, उचलला जाऊ लागला. सरांनी काही न विचारता फक्त मान डोलावली.

गुडघे दुखत असतील तर उडीऐवजी नुसती टाच उचला. तेवढ्यानेही काम होतं.

दुसऱ्या भागात कान टवकारा

जवळपास प्रत्येक झीग दोन भागांत असते आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. पहिला, पुन्हा पहिला, दुसरा, पुन्हा दुसरा. काही वादक पुनरावृत्ती गाळतात, पण नवशिक्याने न गाळणारा वादक निवडावा, कारण दुसऱ्यांदा ऐकतानाच चाल लक्षात राहते. चांगले वादक दुसऱ्या खेपेला तिथे हलकी नक्षी काढतात, तीही कळू लागते.

बाखच्या कितीतरी झीगांत दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक चलाखी असते. पहिल्या भागाची चाल तो उलटी करतो. जिथे सूर वर चढत होते तिथे तेवढ्याच पायऱ्या खाली उतरतात, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे. ऐकायला सगळ्यात सोयीची म्हणजे 'फ्रेंच स्वीट' नावाच्या त्याच्या कीबोर्ड-संग्रहातल्या पाचव्या स्वीटची झीग, 'जी मेजर' स्वरपट्टीतली. पहिल्या भागाची पहिली दोन-तीन सेकंदं गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग थेट दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला या. पहिल्या प्रयत्नात कळलं नाही तर काही बिघडत नाही, मला चौथ्यांदा कळलं. तोच प्रकार त्याच्या 'इंग्लिश स्वीट' या दुसऱ्या कीबोर्ड-संग्रहातल्या तिसऱ्या स्वीटच्या झीगेत आहे, तिथे तो जास्त करडा लागतो.

बाखच्या या झीगांवर नाचायचं नसतं. त्या ऐकायच्या आणि वाजवायच्या. पण नाचलेल्या माणसाला त्या वेगळ्या ऐकू येतात, म्हणून तो चटईचा खटाटोप.

काय कुठल्या क्रमाने ऐकाल

पहिल्यांदा बाखच्या पहिल्या चेलो स्वीटची झीग. दोन मिनिटांच्या आसपास, एकच वाद्य, सहा-आठ, काही लपवाछपवी नाही. पावलं तिच्यावर पक्की करा. मग वर सांगितलेली चौथी-पाचवीची जोडी. मग बाखच्याच तिसऱ्या ऑर्केस्ट्रा स्वीटचा शेवट, तिथे झीग ट्रम्पेट आणि नगाऱ्यांसह येते आणि घरात बसून राहणं अवघड होतं. तिच्यानंतर फ्रेंच संगीतकार रामोची १७२४च्या संग्रहातली 'झीग आँ रोंदो' हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या कीबोर्ड वाद्यावर, त्याच संगीताचा फ्रेंच चेहरा बघायला. मधेच कधीतरी पाखेलबेल पुन्हा लावा आणि कॅनन संपल्यावर फोनला हात लावू नका.

एक धोक्याची सूचना. बाखच्या पहिल्या फ्रेंच स्वीटची आणि सहाव्या पार्टिटाची (हीही स्वीटच) झीग लावलीत, तर तकिट कुठेच सापडणार नाही, कारण त्या दोन्ही तीनच्या पोटात न लिहिता दोनच्या पोटात लिहिलेल्या आहेत. त्या वाजवाव्यात कशा यावर जाणकारांत वाद आहेत. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका, आपलीच मोजणी चुकली असं वाटून मन खट्टू होतं.

आणि हे सगळं जमू लागलं की मोत्झार्टची एक छोटी झीग आहे, १७८९ साली लाइपझिगला एका ऑर्गनवादकाच्या वहीत लिहून दिलेली. बाखच्या गावात येऊन बाखला केलेला मुजराच म्हणा. सूर दोन-दोनच्या जोड्यांनी तीनच्या मोजणीवर आडवे पडत जातात, आणि पाय नेमका कुठे टाकायचा ते कळेनासं होतं. जेमतेम दीड-दोन मिनिटांची आहे. माझी सम तिच्या दुसऱ्या भागात अजूनही चुकते.